मुरमाखालची खोली

सृष्टीला घाम येत नाही, हे कळायला तिच्या आईबापांना दोन उन्हाळे लागले.

दोन्ही उन्हाळ्यांत पोर तापाने फणफणायची. औषधाने उतरायचा नाही आणि ओल्या फडक्याने पुसलं की थोड्याच वेळात उतरायचा, असा तो ताप. तिची आई सायली देवळाली कॅम्पातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. लेकीचं रक्त तिने स्वतःच्या हाताने काढलं, होतील तेवढ्या तपासण्या केल्या, कशात काही निघेना. शेवटी नाशिकच्या एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीचे विरळ केस पाहिले, हिरडीवरचे दोनच टोकदार दात पाहिले, कोरड्या तळव्यावर भिंग धरलं आणि त्या खुर्चीला टेकून बसल्या.

"हा ताप नाहीच," त्या म्हणाल्या. "हिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी नाहीत. जन्मापासून. बाहेरचं ऊन अंगात साठतं आणि त्याला निघायला वाट नाही."

"मग औषध काय, मॅडम?"

"गारवा. आणि छातीला जपा, ओल आणि बुरशी हिला चालायची नाही. बाकी पोरगी हुशार आहे. चांगली मोठी होईल."

लहवितच्या रस्त्याला त्यांचं तीन खोल्यांचं स्लॅबचं घर. सायलीचा नवरा रंगनाथ अंबडच्या एका कारखान्यात वेल्डर, आणि घरात चौथी त्याची आई, शकुबाई. त्यांनी कूलर आणला, मग एसी बसवला. पण उन्हाळ्यात दुपारी वीज असली तर तिला दाब नसायचा, आणि दाब आला की वीजच जायची. मग बादली, तांब्या, ओला सदरा. सृष्टी पहिलीत गेली तोवर तिने न हलता बसायची सवय लावून घेतली होती. ओला सदरा घालून फरशीवर बसायची, हात गुडघ्यांवर, मान भिंतीला. गल्लीतली पोरं ओरडत पळाली की नुसते डोळे त्यांच्यामागे फिरवायची. कोणी म्हणे, किती शहाणी हो तुमची मुलगी. ते ऐकलं की सायली स्वयंपाकघरात निघून जायची.

दर वर्षी वैशाखी पौर्णिमेला ते नाशिकच्या डोंगरातल्या त्रिरश्मी बौद्ध लेण्यांवर जात. सकाळी लवकर चढायचं, वंदना करायची आणि ऊन चढायच्या आत खाली यायचं. त्या वर्षी गर्दीमुळे चढायलाच उशीर झाला. वरच्या अंगणात पोचेपर्यंत सृष्टीचे गाल तांबडेलाल झाले होते आणि ती आईचा हात धरून एका बाजूला कलत होती. जवळचं पाणी तिच्या डोक्यावर ओतून संपलं. रंगनाथने तिला उचललं, गर्दीतून वाट काढत एका मोठ्या विहारात शिरला आणि भिंतीतल्या एका छोट्या कोठडीत, दगडातच कोरलेल्या ओट्यावर तिला झोपवलं.

पोरीने आपला गाल दगडाला लावला. मग दुसरा गाल. मग पोटावर पालथी होऊन दोन्ही हात पसरून तशीच पडून राहिली. सायली तिच्या कपाळावर हात ठेवून बसली होती. तिला हाताखाली पोर निवत जाताना कळत होतं, चुलीवरून उतरवलेलं भांडं निवावं तशी.

बऱ्याच वेळाने सृष्टीने डोळे उघडले. "मम्मी, इथे कोण राहायचं?"

"भिक्खू राहायचे, बाळा. पावसाळ्यात. फार वर्षांपूर्वी."

"मग उन्हाळ्यात आपण राहू?"

रंगनाथ हसला. सायली हसली नाही. ती उठून दारापर्यंत गेली, बाहेरच्या कातळावर अनवाणी पाय टेकवून पाहिला आणि चटका बसून मागे घेतला. आत येऊन भिंतीवर तळवा ठेवला. एकच डोंगर. बाहेरून तवा आणि आतून माठ. भिंतीवर छिन्नीच्या खुणा अजून दिसत होत्या, एकीखाली एक, तिरप्या, भाताच्या लोंब्यांसारख्या. कोणी तरी इथे उभं राहून, एक एक टवका काढून, दगडातून एवढी मोठी सावली मोकळी केली होती. सायलीने त्या खुणांवरून बोट फिरवलं.

घरी परतताना मोटरसायकलवर मागे बसून ती म्हणाली, "अहो, आपल्याकडे डोंगर नाही. पण खाली दगड आहे ना?"

रंगनाथला आधी वाटलं, वाऱ्यामुळे आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

घरी दोन आठवडे तोच विषय: परसात जमिनीखाली सृष्टीसाठी खोली खणायची. रंगनाथ म्हणाला, मी लोखंड जोडणारा माणूस, दगडाचं मला काय कळतं. सायली म्हणाली, शिकू. तो म्हणाला, घर खचलं तर? ती म्हणाली, मग कोणाला तरी विचारू. शकुबाई इतके दिवस गप्प होती. एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता तीच म्हणाली, "मपल्या तरुणपणात किती इहिरींचा मुरूम म्या डोक्यावर वाह्यला. तवा काय यंत्रं व्हती? मान्सांनीच खांदल्या. पोरीसाठी एक खोली नाय व्हायची?"

रंगनाथने कारखान्यातल्या सिव्हिलच्या साहेबांना घरी आणलं. साहेब परसात फिरले, पायाने माती उकरून पाहिली. घराच्या पायापासून आठ फूट लांब राहा, म्हणाले, मातीच्या थराला उतार देत खाली जा, कडेला कोणी उभं राहू नका, आणि दगड सुरुंगाने फोडायचा विचारही करू नका. खोली दहा बाय बाराची, वरून स्लॅब, हवेला दोन नळ्या, स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून जिना. जाताना त्यांनी सायलीकडे पाहून विचारलं, "वहिनी, नक्की करताय ना?"

"नक्की, साहेब."

पावसाळा सरून जमीन वाळली तसं त्यांनी काम सुरू केलं. गल्ली अरुंद, जेसीबी आत येणं शक्यच नव्हतं. रंगनाथ कामावरून आला की अंधार पडेपर्यंत दोघं खणायचे, आणि रविवारी सकाळपासून. वरची काळी माती चटकन निघाली. खाली मुरूम लागला, तांबूस, दाणेदार, टिकावाचा घाव पडला की भाकरीसारखा तुटणारा. सायलीच्या हातांना फोड आले. लॅबमध्ये सुई धरताना ते झोंबायचे. मग ती बोटांना चिकटपट्टी लावून रक्त काढू लागली. शकुबाई काठावर लांब बसून, कोणी न विचारता, घमेलं कसं धरावं ते सांगत राहायची. सृष्टी हिवाळ्यात नेहमीसारखीच सगळीकडे बागडायची, खड्ड्याभोवती बांधलेल्या दोरीजवळ येऊन रोज विचारायची, "आज किती खाली गेलो?"

खाली जाताना सायलीला एक नवल वाटायला लागलं. देवळालीच्या रेंजवर तोफांचा सराव चालतो, तो आवाज त्या भागातल्या माणसांच्या कानांना सवयीचा. पण खड्ड्यात उभं असताना धक्का आधी तळपायांना जाणवायचा आणि आवाज मागाहून वरून यायचा. जमीन बातमी आधी सांगायची. पहिल्यांदा ते लक्षात आलं तेव्हा तिने टिकाव खाली ठेवला आणि पुढच्या धक्क्याची वाट बघत नुसती उभी राहिली.

"काय झालं?" रंगनाथने विचारलं.

"काही नाही. ऐकतेय."

मुरमाखाली खडक लागला तेव्हा त्यांनी देवळाली गावातल्या रहेमानभाईंना बोलावलं. ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर लावून ते गावोगावच्या विहिरींचे दगड फोडत हिंडायचे. त्यांनी ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी लावला, लांब नळी परसापर्यंत ओढली आणि खड्डा पाहून कमरेवर हात ठेवले.

"लोक माझ्याकडून पाणी लागावं म्हणून खणून घेतात. पाणी लागू नये म्हणून खणणारे तुम्हीच पहिले, भाऊ."

खडक ठिसूळ होता, राखाडी, पांढऱ्या ठिपक्यांचा. रहेमानभाई त्याला मांजऱ्या म्हणत. ते यंत्राने भोकं पाडायचे, रंगनाथ भोकांत लोखंडी पाचर ठोकून दगड फोडायचा आणि सायली तुकडे वर चढवायची. मध्ये एकदा अवकाळी पाऊस आला आणि वरच्या मुरमाची एक कड रात्रीतून खाली बसली. सकाळी सगळा खड्डा लाल चिखलाने भरलेला. रंगनाथ मागच्या दाराच्या पायरीवर डोकं धरून बसला. त्याचा चहा निवून गेला तरी तो हलेना. सायलीने साडीचा पदर खोचला, घमेलं घेतलं आणि खाली उतरली. थोड्या वेळाने तोही उतरला. अंधार पडेपर्यंत दोघं चिखल उपसत होते.

त्यानंतरच्या एका रविवारची गोष्ट. माणसाच्या उंचीपेक्षा खोल गेले होते ते. रहेमानभाई उत्तरेच्या बाजूला भोक पाडत होते. यंत्राचा आवाज अचानक बदलला, यंत्राची पहार हातातून सुटल्यासारखी झपकन आत गेली आणि ते स्वतः तोल जाऊन पुढे झुकले. त्यांनी घाईने यंत्र बंद केलं. भोकातून हवेचा एक सुस्कारा आला. ओल्या मातीचा तो वास नव्हता. कोऱ्या माठात पहिलं पाणी भरल्यावर येतो तसा काहीसा होता.

"पोकळ आहे आत," रहेमानभाई हळूच म्हणाले.

सायलीने सृष्टीला वर शकुबाईजवळ बसवलं. रंगनाथने हातोडा आणि छिन्नी घेतली. पोकळीच्या पुढ्यातला दगड त्याने थोडा थोडा, कानोसा घेत फोडला. दुपारपर्यंत भिंतीच्या पायथ्याशी परातीएवढं भगदाड पडलं. आत मिट्ट काळोख. रंगनाथने मोबाईलची बॅटरी लावली आणि हात आत घातला.

आणि काळोख पेटला.

सायली त्याच्या मागे गुडघ्यांवर बसली होती. आपण काय बघतोय ते तिला कळेना. पोकळी एखादं कपाट आडवं पाडावं एवढी होती, आणि तिच्या तळाला, छताला, बाजूंना, कुठेही साधा दगड दिसत नव्हता. काचेसारखे स्वच्छ, टोकदार खडे दाटीवाटीने उभे होते. काही पाण्यासारखे, काही काकडीच्या पाण्यासारखे हलके हिरवे. त्यांच्या मधून मधून पिकल्या पेरूच्या गराच्या रंगाचे झुबके उगवले होते, पाकळीला पाकळी लागलेले. आणि एका कोपऱ्यात पांढरे गोंडे होते, इतक्या बारीक सुयांचे, की श्वास लागला तरी मोडतील. रंगनाथ बॅटरी इकडून तिकडे फिरवत होता, त्यामुळे उजेड हलत होता, आणि उजेड हलला की आतले हजार कोपरे एकदम डोळे मिचकावत होते.

कोणी आत हात घातला नाही. रहेमानभाई मागे वाकून पाहत होते. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "सुभानअल्लाह." मग मान हलवत म्हणाले, "इतक्या वर्षांत मुठीएवढं पाहिलंय, सुपारीएवढं पाहिलंय. असं नाही. असं कधीच नाही."

"काय असतं हे?" सायलीने विचारलं.

"दगडातच वाढतं. एवढंच माहीत. कसं, ते वरच्यालाच ठाऊक."

सृष्टीला शिडीवरून खाली आणलं. ती पोटावर आडवी झाली आणि भगदाडाशी तोंड नेऊन पाहत राहिली.

"पप्पा, आपण फोडायच्या आधी इथे अंधारच होता?"

"हो बाळा."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"कोणीच बघितलं नव्हतं?"

"कोणीच नाही. आपण पहिलेच."

पोर विचारात पडली. "मग रंग कशाला होते?"

रंगनाथने सायलीकडे पाहिलं. सायलीने रहेमानभाईंकडे. रहेमानभाई पुन्हा वाकून आत बघू लागले.

संध्याकाळी शकुबाईने हट्ट धरला. गुडघे दुखत होते तरी रंगनाथचा खांदा धरून ती शिडी उतरली, खाली बसली, चष्मा पुसला आणि आत पाहिलं. "बाई बाई बाई," ती म्हणाली. जन्मभर तिने असल्याच जमिनीतून मुरूम वाहिला होता. मग ती सुनेच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "म्या यावरून चालले गं. हेच्यावरून. अन् मला ठावंच नाय."

पुढच्या आठवड्यात सिव्हिलचे साहेब आले. तेही आधी बराच वेळ आत बघत राहिले आणि मग त्यांना आपण कशासाठी आलो ते आठवलं. त्यांनी पोकळीच्या आजूबाजूला बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"ओल आहे, रंगनाथ. आज थेंबभर असेल. पावसाळ्यात इथूनच पाणी येईल. ही पोकळी सिमेंटने भरून टाक. सगळी भिंत दाबून प्लास्टर कर. नाही तर खोलीत बुरशी धरेल."

बुरशी म्हटल्यावर सायली ताठ झाली. साहेब गेल्यावर ती म्हणाली, "ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग भरायची."

रंगनाथने तिच्याकडे पाहिलं. "सायली, अगं, कोणी पाहिलेलं नाही असं..."

"मला काय आवडतंय का?" तिचा आवाज चढला. "खोली पोरीसाठी काढलीय. दगडासाठी नाही. तिला छातीचं काही झालं तर मी त्या खड्यांकडे बघत बसू?"

बरोबर तीच होती.

रविवारी त्याने सिमेंटचा माल कालवला. घमेलं घेऊन खाली गेला, भगदाडासमोर उकिडवा बसला. सायली बॅटरी धरून बाजूला. त्याने थापी भरून घेतली आणि खालच्या काठावर पहिला थर लावला. एक हिरवा खडा सिमेंटखाली गेला. रंगनाथ थांबला. त्याने पुन्हा थापी भरली, पण ती घमेल्यातच राहिली.

"मला जमत नाही," तो म्हणाला. "तू लाव."

सायलीने बॅटरी त्याच्या हातात दिली आणि थापी घेतली. ती अगदी पुढे झाली, इतकी की तिचा श्वास आतल्या खड्यांवर धुक्यासारखा बसून क्षणात विरला. रक्त काढताना ती शीर शोधायची. डोळ्यांनी आधी, मग बोटाने. तसंच तिने काठावरून बोट फिरवलं. पोकळीच्या आतल्या बाजूने कोरडं. छताला कोरडं. तळाला, खड्यांच्या मुळाशी, कोरडं. मग भगदाडाच्या बाहेर, वीतभर खाली, खडकात केसासारखी एक आडवी चीर होती. तिथे बोट ओलं झालं.

तिने पुन्हा वरून सुरुवात केली. पुन्हा तेच.

"अहो, पाणी यातून येतच नाहीये. याच्या खालून येतंय."

रंगनाथ वाकला. त्याने स्वतः बोट फिरवून पाहिलं, मग बोट शर्टाला पुसून पुन्हा फिरवलं. मग त्याने घाईघाईने, ओला होता तोवरच, तो सिमेंटचा थर बोटांनी काढला. हिरवा खडा आपल्या सदऱ्याच्या टोकाने पुसून स्वच्छ केला, लेकराचं तोंड पुसावं तसा.

साहेबांना फोन लावला. त्यांनी चीर नेमकी कुठे आहे ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "असं असेल तर एक करता येईल. खडकाला भिंत चिकटवू नकोस. वीतभर जागा सोडून विटांची वेगळी भिंत उभी कर. मधून पाण्याला चर काढ, चर कोपऱ्यातल्या खड्ड्यात सोड, खड्ड्यात पंप. पाणी येऊ दे, जाऊ दे. खोलीला शिवणार नाही."

"आणि पोकळी?"

"तिच्यापुरती खिडकी ठेव. चौकट खडकापर्यंत ने आणि कडेने पक्की बंद कर."

तसंच केलं. विटांची भिंत रंगनाथने रहेमानभाईंच्या मदतीने रचली. रहेमानभाईंचं दगड फोडण्याचं काम संपलं होतं, तरी ते रविवारी येत राहिले. भगदाड वाढवून मोठं केलं आणि रंगनाथने पोकळीभोवती लोखंडी चौकट बसवली. कारखान्यात आयुष्यभर त्याने टाक्या आणि पाइप जोडले होते, पण त्या चौकटीचे सांधे त्याने इतके घासले की बोट फिरवलं तर कुठे जोड आहे ते कळू नये. वर स्लॅब पडला. हवेसाठी एक नळी जमिनीलगत उघडली, दुसरी छतापासून उंच वर नेऊन काळी रंगवली. ऊन लागलं की ती तापायची आणि खालची हवा वर ओढायची. खाली शहाबादी फरशी, भिंतींना चुना. एक पलंग, एक सतरंजी, बॅटरीवरचा दिवा. दिवा चौकटीच्या आतून वर तोंड करून लावला.

एप्रिल सरता सरता ऊन पेटलं. एका दुपारी वीज गेली. अंबडच्या एका दुकानाच्या पाटीवर तापमानाचा आकडा एक्केचाळीस दिसत होता असं रंगनाथने फोनवर सांगितलं. सायली त्या दिवशी घरी होती. तिने सृष्टीला घेतलं आणि मागच्या दाराने जिना उतरली. प्रत्येक पायरीला हवा बदलत होती. घोट्यापर्यंत गार, मग गुडघ्यापर्यंत, मग खांद्यापर्यंत, नदीत उतरावं तशी. शेवटच्या पायरीवर तिच्या स्वतःच्या पाठीवरचा घाम एकदम थंड पडला आणि ती शहारली. भिंतीवरच्या तापमापकाचा पारा सत्तावीसवर होता.

सृष्टी सवयीने फरशीवर बसली. हात गुडघ्यांवर. मग तिने फरशीवर तळवा ठेवून पाहिला. उठली. खिडकीपाशी जाऊन खड्यांकडे पाहिलं, परत आली. मग तिने कोपऱ्यातली दोरी उचलली आणि उड्या मारायला लागली.

"सृष्टी! थांब!" सायली ओरडली. सात वर्षांची सवय. ती धावत जाऊन पोरीच्या कपाळाला, मानेला, पाठीला हात लावून पाहू लागली. गार. पुन्हा पाहिलं. गारच. सृष्टी दोरी हातात धरून, आई काय करतेय ते बघत उभी होती.

"मारू?"

सायलीने मानेनेच हो म्हटलं. पोर उड्या मारत सुटली. तिच्या पावलांचा आवाज दगडाच्या खोलीत घुमत होता, धप् धप् धप्, आणि डोक्यावर, मातीच्या वर, वैशाखाची दुपार जळत होती. सायली पलंगाच्या कडेवर बसून बघत राहिली. त्रिरश्मीच्या कोठडीत ज्या हाताने पहिला घाव घातला असेल, त्या हाताची तिला आठवण झाली. त्याला तरी कुठे ठाऊक असेल, की कोण कुठली एक बाई आपली पोर घेऊन येईल.

त्या उन्हाळ्यात ती खोली रिकामी राहिली नाही. सृष्टीच्या वर्गातल्या दोघी जणी रोज दुपारी यायच्या. पलीकडच्या घरातली बाळंतीण तान्ह्याला घेऊन यायची. शकुबाई सकाळी जेवून खाली जायची ती ऊन उतरल्यावरच वर यायची. खिडकीकडे पाहायला लांबलांबचे लोक आले. एक माणूस गाडी घेऊन आला. तो असले खडे विकत घेऊन परदेशी पाठवायचा. त्याने भिंगातून पाहिलं, अख्खी पोकळी कापून न्यायची तयारी दाखवली आणि आकडा सांगणार एवढ्यात रंगनाथ म्हणाला, "साहेब, चहा घ्या. ते आमच्या भिंतीत आहे, भिंतीतच राहील." माणूस चहा पिऊन, पुन्हा एकदा खाली जाऊन बघून, गेला. जाताना तो पायरीपायरीला मागे वळून बघत होता.

पावसाळ्यात सायलीच्या जिवाला घोर लागला. रोज खाली जाऊन ती भिंतींना हात लावायची, कोपरे हुंगायची. जून गेला, जुलै गेला, चुना पांढरा तो पांढरा. ऑगस्टमध्ये चार दिवस पावसाने झोडपून काढलं. पाचव्या दिवशी लख्ख उघाडलं, आणि सकाळी जिना उतरताना तिला विटांच्या भिंतीमागे आवाज ऐकू आला. तिने रंगनाथला हाक मारली. तो आला, मागोमाग सृष्टी.

भिंतीमागच्या चरातून पाणी वाहत होतं. त्याचा ओघ कोपऱ्यातल्या खड्ड्यात पडत होता, पंप मध्येच घुरघुरून पाणी वर फेकत होता. फरशी कोरडी होती. भिंत कोरडी. रंगनाथने गुडघ्यांवर बसून चौकटीच्या कडा बोटाने तपासल्या आणि मान वर केली. "कोरडी आहे."

"पाऊस तर थांबला ना?" सृष्टी म्हणाली. "मग हे पाणी कुठून येतंय?"

"दगडातून झिरपत येतंय. वर पडलं, आता इथे पोचलं."

"कधी पडलेलं?"

"कोण जाणे. कालचं असेल. मागच्या वर्षीचं असेल. तुझ्या जन्माच्या आधीचंही असेल."

सायलीने खड्ड्यावर, चराच्या तोंडाशी ओंजळ धरली. पाणी गार आणि इतकं नितळ होतं, की हातावरच्या रेषा त्यातून मोठ्या दिसत होत्या. तिने एक घोट घेतला. मग ओंजळ रंगनाथपुढे धरली, मग सृष्टीपुढे. वरून शकुबाई हाका मारत होती, चहा उतू चालला म्हणून. तिघांनीही ऐकलं. कोणी उठलं नाही.